आजी होण्याआधीच्या ‘बाई’

नोव्हेंबर उजाडला की बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या कितीतरी मराठी घरांत एक छोटंसं नाट्य घडतं. पेन्शनीत निघालेल्या आजीबाईंच्या हयातीच्या दाखल्याचं! पूर्वी त्यासाठी गावाकडच्या बँकेत जाऊन यादीवर सही करून यावं लागे. आता उद्यान एक्स्प्रेसचं तिकीट काढण्याऐवजी नातू लॅपटॉप उघडतो. निवृत्तिवेतनधारकांसाठी केंद्र सरकारनं २०१४च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ ही सोय सुरू केली. यंत्रावर अंगठा टेकवायचा, आधारशी तो जुळला की घरबसल्या दाखला तयार. पण यंत्र काही आजीबाईंचा अंगठा घेत नाही. एकदा, दोनदा, तीनदा. वय झालं, पाण्यात आणि खडूच्या भुकटीत चाळीस वर्षं हात घातले की बोटांवरच्या रेषा पुसट होतात. पुढं चेहरा दाखवून दाखला मिळवण्याची सोय आली, तेव्हा कुठं बऱ्याच जणींचा जीव भांड्यात पडला.

ज्या बाईंनी उभी हयात गावोगावच्या बायाबापड्यांचा अंगठा सोडवून त्यांना सही शिकवण्यात घालवली, त्यांनाच आपण हयात आहोत हे सांगायला अंगठा पुढं करावा लागतो. नातवाला यातली गंमत कळत नाही, कारण आजी शाळेत शिकवायची एवढंच त्याला माहीत असतं. कुठली शाळा, कुठला गाव, कितवीचा वर्ग, हे कोणी सांगितलेलं नसतं. आजीनंही नाही.

व्हाइटफील्ड म्हणजे तरी काय? आज काचेच्या इमारती, वीस-वीस मजली सोसायट्या आणि वाहनांच्या रांगा. पण या जागेची सुरुवात अगदी वेगळी होती. १८८२मध्ये म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वाडियार यांनी अँग्लो-इंडियन मंडळींच्या संस्थेला वसाहतीसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. डेव्हिड इमॅन्युएल स्टार्कनबर्ग व्हाइट हे त्या खटपटीमागचे गृहस्थ, त्यांचंच नाव गावाला पडलं. गोल आखलेली वसाहत, मध्ये मोकळी जागा, भोवती बंगले. शेती करून स्वतःच्या पायावर उभं राहावं ही कल्पना होती. ती फारशी फळली नाही, पण नोकरीतून निवृत्त झालेल्यांना निवांत राहायला जागा म्हणून व्हाइटफील्ड पुढची शंभर वर्षं तग धरून राहिलं. नव्वदच्या दशकात भारत आणि सिंगापूर यांच्या सहकार्यातून इथं इंटरनॅशनल टेक पार्क उभं राहिलं आणि निवांतपणाचं दिवाळं वाजलं. योगायोग असा, की निवृत्त माणसं मात्र पुन्हा इथंच येऊ लागली. मुलं संगणकाच्या नोकरीला लागली, त्यांना बाळं झाली, आणि ती सांभाळायला सातारा, सांगली, लातूर, नांदेडहून आया आल्या. निवांत राहायला नव्हे, कामाला!

या आज्यांमध्ये निवृत्त शिक्षिका बऱ्याच आढळतात. कारणही सरळ आहे. त्या पिढीत नोकरी करणारी बाई म्हणजे बहुतेक वेळा शिक्षिका किंवा नर्स. आपण कमवत असल्यामुळं मुलाबाळांना शिकवायचंच, हा त्यांचा हट्ट. तो पुरा झाला, म्हणूनच मुलं व्हाइटफील्डला पोचली. म्हणजे बाईंच्या शिकवण्यानंच बाईंचं गाव सुटलं, असंही म्हणता येईल.

सुनेचं किंवा लेकीचं बाळंतपण म्हणून त्या सहा महिन्यांसाठी येतात. सहा महिन्यांची सहा वर्षं कधी होतात ते कळत नाही. सकाळी सातला डबा, आठला शाळेची बस, मग धाकट्याला भरवणं, स्वयंपाकाच्या बाईशी हातवारे करून बोलणं, दुपारी बस आली की फाटकापाशी हजर, संध्याकाळी गृहपाठ, रात्री गोष्ट. शाळेत असताना निदान रविवार आणि दिवाळीची सुट्टी होती. इथं तीही नाही. या नोकरीत मस्टर नाही, पगारवाढ नाही, आणि वयाची अठ्ठावन्न वर्षं झाली म्हणून कोणी नारळ देऊन निरोपही देत नाही. नातवंडांवरच्या मायेपोटी त्या हे करतात हे खरंच. पण माया आहे म्हणून श्रम श्रमच राहत नाहीत असं थोडंच आहे? मुलगा आणि सून दोघांच्या नोकऱ्या या आजीच्या खांद्यावर उभ्या असतात, आणि ही गोष्ट घरात मोठ्यानं उच्चारली जात नाही. गावाकडं मात्र घराला कुलूप असतं. कधी आजोबा एकटे खानावळीचा डबा खात बसलेले असतात.

भाषेचा प्रश्न वाटतो तितका अवघड नसतो, याचं पहिलं श्रेय कन्नडला. आजीला कन्नडमध्येही ‘अज्जी’च म्हणतात! सोसायटीतल्या सगळ्या पोरांची ती पहिल्या दिवसापासून अज्जी होते. तूप तिकडं ‘तुप्प’, अण्णा आणि अक्का दोन्हीकडं सारखेच. कर्नाटकानं २०१५मध्ये शाळांत कन्नड शिकणं सक्तीचं करणारा कायदा केल्यापासून नातवंडांच्या दप्तरात कन्नडचं पुस्तक असतंच. आजी ते उघडते आणि तिच्यातल्या बाई जाग्या होतात. बाराखडीला इथं ‘कागुणित’ म्हणतात. ‘ए’ आणि ‘ओ’ यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन-दोन अक्षरं आहेत, जी आपल्या मुळाक्षरांत नाहीत. हे एखाद्या इंजिनिअर मुलाच्या लक्षात येणार नाही, पण तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाईंना ते पहिल्याच पानावर दिसतं. नातवाच्या बरोबरीनं सत्तराव्या वर्षी पाटी गिरवणाऱ्या अशा आज्या व्हाइटफील्डमध्ये शोधायला फार लांब जावं लागत नाही.

आणि मग एक दिवस आजी जाते.

सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडल्याच्या खुणा येतात. शेजारीपाजारी तिला ‘पाचव्या मजल्यावरच्या मुलांची अज्जी’ म्हणून ओळखत असतात. तिचं पूर्ण नाव कित्येकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. तेराव्याला नातवंडांना आजीबद्दल बोलायला सांगितलं तर ती बेसनाच्या लाडवांबद्दल बोलतात. तिनं कधी ओरडलं नाही, गोष्टी छान सांगायची, असंही सांगतात. सगळं खरं असतं. पण त्या लाडवांच्या आधी छत्तीस वर्षांची नोकरी होती, आणि तिच्याबद्दल बोलायला त्या खोलीत एकही माणूस नसतो. ज्यांनी तिला ‘बाई’ म्हणून हाक मारली ती माणसं पाचशे मैलांवर असतात. त्यातल्या एखाद्याला उशिरा बातमी कळते, तो फोन करतो, आणि रडतो. घरचे गोंधळतात. हा कोण?

ती छत्तीस वर्षं कशी होती, हे कल्पनेनं समजण्यासारखं नाही. १९६२च्या १ मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या. गावोगाव शाळा निघत होत्या. अनेक एकशिक्षकी. एक खोली, चार इयत्ता, एक बाई. पहिलीला पाटीवर गिरवायला बसवायचं, दुसरीला पाढे म्हणायला लावायचं, तिसरीला उतारा लिहायला द्यायचा आणि तेवढ्या वेळात चौथीचं गणित उरकायचं. तिसरीतली हुशार पोरं कान देऊन चौथीचं गणित ऐकत आणि पुढच्या वर्षी बाईंचे कष्ट वाचवत. शाळा कधी मारुतीच्या देवळात, कधी चावडीत. पटावर मुली याव्यात म्हणून बाईंनी घरोघर हिंडायचं. धाकट्या भावंडाला काखेत घेऊन मुलगी आली तर तिला भावंडासकट वर्गात बसवायचं. शिवाय जनगणना, मतदारयाद्या, लसीकरणाची मोजदाद ही कामं होतीच. दिपोटी साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर अख्खी शाळा शेणानं सारवायची. एकट्या बाईला गावात खोली मिळणं ही वेगळीच परीक्षा. आणि बदली झाली की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

यातलं नातवंडांच्या हाती काय लागतं? निदान एक वस्तू लागू शकते, आणि ती बहुतेक घरांत रद्दीच्या वाटेवर असते. आजीचं सेवापुस्तक! मूळ प्रत कचेरीत राहते, पण दुय्यम प्रत पुष्कळ जणींनी पत्र्याच्या ट्रंकेत जपलेली असते. त्यात नेमणुकीची तारीख आहे, प्रत्येक शाळेचं नाव आहे, बदल्या आहेत, पगारवाढी आहेत, रजा आहेत. दोन नोंदींमधली बाळंतपणाची रजा म्हणजे आज टेक पार्कात नोकरी करणारे बाबा! पहिल्या पानावर उंची, अंगावरची ओळखीची खूण आणि बोटांचे शाईतले ठसे असतात. वीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या बोटांचे. रेषा स्वच्छ उमटलेल्या.

हे पुस्तक समोर ठेवून ‘इथं कशी होती शाळा?’ असं एकेका गावाबद्दल विचारत गेलं, तर जी आजी एरवी ‘माझं काय सांगायचं, सगळ्यांसारखंच’ म्हणून विषय बदलते, तीच बोलायला लागते. ‘तुझ्या आयुष्याबद्दल सांग’ असं विचारलं तर मात्र कोणीच काही सांगत नाही.

महाराष्ट्रात एका निवृत्त शिक्षिकेनं कोणी विचारण्याची वाट पाहिली नाही. शांताबाई कृष्णाजी कांबळे. त्यांचा जन्म १ मार्च १९२३चा, सोलापूर जिल्ह्यात सांगोला तालुक्यातल्या महूदचा. घरातलं नाव नाजा. महार समाजातलं अत्यंत गरीब घर. माणदेशाचा दुष्काळी मुलूख, त्यात गावकुसाबाहेरचं जगणं, म्हणजे दुहेरी दुष्काळ. आईवडिलांनी स्वतः उपाशी राहून पोरीला शाळेत घातलं. मुलांनासुद्धा शाळेत घालणं जिथं नवल होतं, तिथं मुलीला! १९४२मध्ये नाजा सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाली.

त्या सालाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. त्याच सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर आहे. विठ्ठलाच्या देवळाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी तिथं उपोषण केलं ते १९४७च्या मे महिन्यात, आणि त्यानंतर ते दार उघडलं. म्हणजे ज्या मुलीला विठोबाच्या पायरीच्या आत पाऊल टाकायला मनाई होती, ती आधीची पाच वर्षं वर्गात उभी राहून मुलांना शिकवत होती. पाटीवरचं अक्षर चुकलं तर ते पुसून पुन्हा लिहून देण्याचा अधिकार तिला बोर्डानं दिला होता; पाण्याच्या घागरीला हात लावण्याचा अधिकार गावानं दिलेला नव्हता.

पुढं १९५२मध्ये त्यांनी पुण्यात दोन वर्षांचं ट्रेनिंग घेतलं. १९५७मध्ये जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. १९८१मध्ये निवृत्त झाल्या. चाळीस वर्षांच्या आसपास नोकरी, संसार, मुलं. इथवरची कथा अनेकींची असते. निवृत्तीनंतर बाईमाणसानं देवधर्म करावा, नातवंडं खेळवावीत, अशी रीत. शांताबाईंनी वही काढली. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आधी क्रमशः छापून आली आणि १९८६मध्ये पुस्तकरूपानं निघाली. दलित स्त्रीनं मराठीत लिहिलेलं पहिलं आत्मकथन म्हणून ते ओळखलं जातं. १९९०मध्ये मुंबई दूरदर्शननं त्यावर ‘नाजुका’ ही मालिका दाखवली. पुढं फ्रेंच आणि इंग्रजीतही त्याचं भाषांतर झालं. पुस्तक त्यांनी अर्पण केलं ते आपल्या आईवडिलांना.

नावाकडं जरा थांबून पाहा. ‘माझ्या’ नव्हे, ‘माज्या’. ‘जन्माची’ नव्हे, ‘जल्माची’. ज्या बाईंनी चार दशकं हजारो पोरांचे असे शब्द लाल शाईनं सुधारले असतील, त्यांनी स्वतःच्या पुस्तकाच्या कपाळावर मात्र घरातला उच्चार जसाच्या तसा ठेवला. शुद्ध मराठी येत नव्हती म्हणून नव्हे, ते तर पोटापाण्याचं साधनच होतं. पण आईवडिलांची गोष्ट आईवडिलांच्या बोलीतच सांगायची, असं त्यांनी ठरवलेलं दिसतं. जात, भूक, शाळा, नवऱ्याच्या घरातले कडू दिवस, काहीही झाकलेलं नाही, आणि कुठं आवाजही चढवलेला नाही. शिक्षिकेची शिस्त दिसते ती इथं. वर्गात आरडाओरडा न करता ऐकायला लावण्याची सवय!

त्यांचे पुत्र अरुण कांबळे दलित पँथरचे नेते, कवी आणि मराठीचे प्राध्यापक होते. २००९च्या डिसेंबरात ते गेले, तेव्हा आई ८६ वर्षांची होती. शांताबाई पुण्यात २५ जानेवारी २०२३ रोजी वारल्या. शंभरी पुरी व्हायला महिनाभर उरला होता. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना आणि पुढं कोणालाही ‘ती आधी कोण होती’ हे दुसऱ्याला विचारावं लागणार नाही. पुस्तक आहे.

दुसरं उदाहरण जरा उलट्या बाजूनं पाहण्यासारखं आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मराठी घरांत ऐकून तरी सगळ्यांना माहीत असतं. लक्ष्मीबाई काही शाळेत शिकल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. १९३४पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग निघू लागले आणि १९३६मध्ये त्या गेल्या. त्या आठवणी लिहून व्हाव्यात म्हणून मुलगा देवदत्त पाठीशी होता. पुढं नातू अशोक देवदत्त टिळक यांनी जुने कागद धुंडाळून, तारखा आणि माणसं पडताळून पुस्तकाची साक्षेपी ‘अभिनव आवृत्ती’ सिद्ध केली. आजीच्या आठवणींसाठी नातवानं इतकं केल्याचं उदाहरण आपल्याकडं क्वचितच सापडेल. सगळ्याच नातवांना ते जमणार नाही. पण व्हाइटफील्डमधल्या नातवाच्या खिशात, अशोकरावांना जे मिळालं नाही ते यंत्र आहे. आवाज टिपून घेणारं.

एक अडचण मात्र खरीच आहे. आजीनं लिहिलं तरी वाचणार कोण? नातवाला इंग्रजी येतं, हिंदी येतं, कन्नड लिहिता-वाचता येतं. मराठी फक्त ऐकून समजतं. हिंदीमुळं देवनागरी ओळखीची आहे ही त्यातल्या त्यात जमेची बाजू, पण आजीचं मोडणीचं अक्षर लावणं त्याला जड जाणार. म्हणून काही घरांत आजीनं इंग्रजीत सांगावं किंवा मुलांनी ते ‘नीट’ करून लिहावं असा आग्रह होतो. तो करू नये. नीट केलं की त्यातली दिपोटी साहेबांची बैलगाडी जाते, ‘म्या’ आणि ‘व्हय’ जातं, आणि जे उरतं ते कोणत्याही आजीचं असू शकतं. भाषांतर नंतर कोणीही करील. मूळ एकच माणूस सांगू शकतं.

आणि वेळेचं म्हणाल, तर आजीला वेळ काढून दिल्याशिवाय तो मिळणार नाही. घरकामातून रोज एक तास तिला रजा हवी, हक्काची. आठवड्यातले दोन दिवस दुपारच्या बसला दुसऱ्या कोणी तरी जावं. २०२३मध्ये मेट्रो व्हाइटफील्डच्या काडुगोडीपर्यंत आली, तेव्हापासून लवकर घरी पोचणं मुलाला किंवा सुनेला अगदीच अशक्य राहिलेलं नाही. वही दोनशे पानी आणावी, एकेरी रेघांची. शिक्षिकांना तीच सोयीची वाटते. पेन निळ्या शाईचं. लाल नको, नाहीतर त्या स्वतःचंच लेखन तपासत बसतील! पहिलं पान रिकामं सोडलं तरी चालेल. नाव काय द्यायचं आणि ते शुद्ध लिहायचं की घरच्यासारखं, हे त्यांचं त्यांना ठरवू द्यावं.